वर निखारा, खाली निखारा

आमच्या गोव्यात पदार्थांची वाटणी करायची लोकांना मोठी हौस. बेबिंक किरिस्तांवांची, तवसळी हिंदूंची, केक नाताळचा, नेवऱ्या चवथीच्या. प्रत्यक्षात नेवऱ्या नाताळालाही होतात आणि पातोळ्या दोन्हींकडे होतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. तरी वाटणी काही सुटत नाही. या वाटणीतलाच एक समज असा, की आज आपण ज्याला सरसकट 'बेक केलेले' म्हणतो ते गोड आपल्याकडे पोर्तुगीज आणि इंग्रज घेऊन आले. त्याआधी आपण उकडत होतो, तळत होतो, आटवत होतो. पण फळ घालून, चहूबाजूंनी भाजून, वर तांबूस पापुद्रा आणलेला गोड पदार्थ आपल्या घरांत नव्हताच. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत हा विषय निघाला की मी तवसळीचे नाव घेतो, आणि मग वाद रंगतो.

तवसळी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तवशे म्हणजे पावसाळ्यात वेलीला धरणारी मोठी काकडी. ती जून होऊन पिवळी पडली की किसायची, तिच्यात भाजलेला तांदळाचा रवा, गूळ आणि ओले खोबरे घालून घट्ट शिजवायचे. मग पातेल्याच्या तळाशी हळदीचे पान घालून त्यावर हे मिश्रण ओतायचे आणि भाजायचे. भाजायचे म्हणजे पातेले मंद विस्तवावर ठेवायचे आणि झाकणावरही निखारे पसरायचे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे हेच धोंडस किंवा धोणस. तवशी आढ्याला टांगून ठेवली की महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून पावसाळा संपल्यावरही धोंडस होई. आणि उन्हाळ्यात तवशे नसले तर रसाळ फणसाचा किंवा आंब्याचा रस घालून करत. आमच्या घरी आजी ते फणसाचे करत असे, आणि आम्हा मुलांचे सगळे लक्ष कडेच्या करपट खरपुडीवर असे.

या विषयावर लिहायचे बरेच दिवस मनात होते. पण आपल्याच अंगणातली गोष्ट आपल्याला नीट दिसत नाही, ती दुसऱ्याच्या अंगणात गेल्यावर दिसते. मला ती बडोद्याला, हरणीत दिसली. हरणी एकेकाळी शहराबाहेरचे गाव होते. आता शहराचाच भाग झाले आहे, बडोद्याचा विमानतळही तिथेच आहे. माझी मावसबहीण तिथे राहते. मे महिन्यात रजा काढून तिच्याकडे गेलो असता तिच्या सासूबाईंनी आंब्याचे धोंडस पुढे ठेवले. गोव्यापासून इतक्या दूर, गुजरातच्या भाजणाऱ्या उन्हात हा पदार्थ कसा टिकला याचा शोध घेऊ लागलो, आणि त्यातून हा लेख झाला.

आधी मूळ मुद्दा. फळ आणि पीठ एकत्र भाजायचे तर उष्णता दोन्ही बाजूंनी हवी. वाफेचे तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, म्हणून वाफवलेले सांदण मऊ होते पण पांढरट-पिवळेच राहते. पदार्थाचा वरचा थर तांबूस व्हायचा, त्याला भाजल्याचा वास सुटायचा, तर कोरडी उष्णता आणि दीडशे अंशांच्या आसपास ताप लागतो. चूल खालूनच ताप देते. मग वरून काय? जगभरच्या स्वयंपाकघरांनी यावर दोन उत्तरे काढली. एक भट्टी, म्हणजे मातीची किंवा विटांची बंद खोलीच. दुसरे, झाकणावर निखारे. भट्टी बांधायला जागा, भांडवल आणि रोजचे गिऱ्हाईक लागते, म्हणून ती बेकरीवाल्याची. झाकणावरचे निखारे मात्र कुठल्याही घरात, एका पातेल्यापुरते होतात. म्हणून ते बाईचे.

हे दुसरे उत्तर आपल्याकडे किती जुने असेल? आयुर्वेदात पुटपाक सांगितला आहे. वनस्पती पानांत गुंडाळायची, वर मातीचा लेप द्यायचा आणि निखाऱ्यांत भाजायची. म्हणजे सर्व बाजूंनी निखारा देण्याची कल्पना वैद्यांना चांगलीच परिचित होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त दमपुख्त आहे, आणि दम देताना झाकणावर निखारे ठेवण्याची रीत आजही आहे. मुंबईच्या पाठारे प्रभूंचे भानवले असेच वरखाली विस्तव देऊन होई. पारशांचे 'लगन नु कस्टर्ड' घ्या. लगन म्हणजे लग्न, आणि लगन म्हणजे कल्हई केलेले पसरट भांडेही. आमची बेबिंक तर या रीतीचा कळसच. तिचा एकेक थर ओतायचा आणि वरून निखाऱ्यांचा ताप देऊन भाजायचा, मग पुढचा थर. २०२३ साली गोव्याच्या बेबिंकेला भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यात अंडी आहेत, पोर्तुगीज मठांच्या गोडधोडाची छाया आहे, हे खरेच. पण ज्या झाकणाखाली ती शिजली ते झाकण आणि तवसळीचे झाकण यांत मला तरी फरक दिसत नाही.

आता जरा लांब, अमेरिकेत जाऊ. तिथे उन्हाळ्यात पीच, चेरी, ब्लॅकबेरी पिकल्या की 'कॉबलर' करतात. फळांच्या फोडी साखर घालून भांड्याच्या तळाशी, वर पिठाचे गोळे, आणि सगळे एकत्र भाजायचे. वरचा थर दगडी फरसबंदीसारखा उंचसखल दिसतो, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. इंग्लंडहून गेलेल्या वसाहतवाल्यांना घरच्यासारखे पाय करायचे होते, पण रानात, गाडीतळावर भट्टी कुठून आणणार? त्यांच्याजवळ होते बिडाचे जड भांडे, त्याला तीन पाय आणि सपाट झाकण. झाकणाला चहूबाजूंनी उभा काठ, कशासाठी, तर वर ठेवलेले निखारे घसरून पडू नयेत म्हणून. या भांड्याला 'डच ओव्हन' म्हणतात. डचांची वाळूच्या साच्यात भांडी ओतण्याची रीत पाहून अब्राहम डार्बी या इंग्रजाने १७०७ मध्ये बिडाची भांडी तशी ओतण्याचे पेटंट घेतले, त्यावरून हे नाव आले असे मानतात. लेटिस ब्रायन या बाईंच्या 'द केंटकी हाउसवाइफ' या १८३९ च्या पुस्तकात पीचचा कॉबलर आहे. म्हणजे केंटकीची गृहिणी आणि मालवणची गृहिणी, एकमेकींचे नावही न ऐकता, एकाच झाकणापाशी पोचल्या होत्या. एकीने दुसरीकडून घेतले असे म्हणण्याची गरज नाही. ज्या घरात भट्टी नाही आणि उन्हाळ्यात फळ मुबलक आहे, तिथे हे सुचतेच.

मग आपण भाजलेले गोड परके का मानू लागलो? याचे उत्तर स्वयंपाकघरात नाही, ते समाजात आहे. गोव्यात भट्टी आली ती पावाबरोबर. पाव माडाच्या सुरेने आंबवलेला, भाजणारा पोदेर किरिस्तांव. त्यामुळे पाव ही भाकरीसारखी साधी वस्तू न राहता धर्माची खूण झाली. विहिरीत पाव टाकून गावे बाटवल्याच्या कथा कोकणात आणि वसईकडे अजून सांगतात. आमच्या आजीच्या काळात पाव स्वयंपाकघरात येत नसे, आजाऱ्याला चहाबरोबर द्यायचा तर ओसरीवर. त्याच आजीच्या चुलीवर तवसळी भाजली जात होती, पण ती 'बेक' करते आहे असे तिला कुणी सांगितले असते तर ती रागावली असती.

हे गोव्यापुरतेच होते असे नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर चहा-बिस्किटे दिली गेली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासह हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली आणि त्यावरून मोठे ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. चहाची पेली आणि बिस्किटाचा तुकडा, एवढ्यावरून! ज्या समाजात बिस्किटावरून प्रायश्चित्त घ्यावे लागते, तो समाज आपल्या घरच्या धोंडसाला बिस्किटाचा भाऊ कशाला म्हणेल? त्यामुळे दोन वेगळे कप्पे पडले. भट्टीतले ते परके. झाकणाखालचे ते आपले, आणि त्याला भाजलेल्यांच्या यादीत जागाच नाही.

बडोद्यात मात्र गोष्ट थोडी वेगळी घडली. दमाजी गायकवाडांनी १७३४ मध्ये बडोदे कायमचे घेतले, तेव्हापासून दोनशे वर्षांहून अधिक काळ तिथे मराठी सत्ता होती. राज्य गुजराती प्रजेचे, दरबार मराठी. सयाजीराव तिसरे १८७५ ला गादीवर आले आणि १९३९ पर्यंत राज्य केले. त्यांच्या काळात शाळा, वाचनालये, कलाभवन, खाती, कचेऱ्या वाढल्या आणि त्या चालवायला कोकण-देशावरून माणसे आली. दांडिया बाजार, रावपुरा या भागांत मराठी वस्ती झाली. आम्ही कारकून मंडळी इतिहासात सहसा दिसत नाही, पण बडोद्याच्या मराठी खाद्यजीवनात कारकुनांचा वाटा मोठा असला पाहिजे. राजवाड्यात युरोपीय पद्धतीची जेवणे होत, पण कारकुनाच्या घरी आईच्या हातचेच जेवण चाले, आणि त्याला नव्या गावचे शेजारी मिळत.

हे शेजार महत्त्वाचे. नवसारी प्रांत बडोदे संस्थानातच होता, आणि नवसारी म्हणजे पारशांचे मोठे ठाणे. दादाभाई नौरोजी काही काळ बडोद्याचे दिवाण होते. पलीकडे सुरतेत डचांची वखार सतराव्या शतकापासून होती. डच गेल्यावर त्यांची भट्टी दोतीवाला या पारशी कुटुंबाकडे आली आणि तिथून सुरतेची बिस्किटे-नानकटाई पसरली, अशी तिथली सांगी आहे. आणि बडोद्यातल्या गुजराती घरांत होता हांडवो. तांदूळ-डाळींचे आंबवलेले पीठ, त्यात दुधी, वर तीळ-मोहरीची फोडणी, आणि हंडीला वरखाली विस्तव. म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी बाईला शेजारणीच्या चुलीवर आपलेच झाकण दिसले. गोड-तिखटाचा फरक, एवढेच.

हरणीच्या काकूंचे सासरे आणि आजेसासरे दोघेही कारकून. आजेसासरे मालवणकडून सयाजीरावांच्या कारकिर्दीत नोकरीला आले, ते परत गेलेच नाहीत. काकूंच्या मराठीत 'केरी', 'शाक' असे शब्द सहज येतात. त्यांना मी विचारले की धोंडसात आंबा कधी आला. त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या गोव्यात तवशाचं करतात ना, तेच हे. इथं तसलं तवसं कुठलं मिळायला? सासूबाई सांगायच्या, त्यांच्या सासूनं पहिल्याच वर्षी केरी घातली. हळदीचं पान मिळेना तर केळीचं घातलं."

एवढ्यावर न थांबता त्यांनी मला गच्चीवर नेले आणि एक वस्तू दाखवली. लोखंडाचे जाड, सपाट झाकण, बोटभर उंचीचा उभा काठ, मध्ये कडी. निखारे घसरू नयेत म्हणून काठ. आजेसासूबाईंनी ते इथल्या लोहाराकडून करून घेतले होते. अमेरिकन डच ओव्हनच्या झाकणाचे वर्णन मी वर केले आहे, ते पुन्हा वाचून पाहावे. आता त्या झाकणात माती भरून काकूंनी कोथिंबीर लावली आहे.

ते झाकण गच्चीवर का गेले, हा या लेखाचा खरा प्रश्न आहे. लोक म्हणतात, आवडी बदलल्या, मुलांना केक हवा झाला. मला ते पटत नाही. धोंडसासारखे पदार्थ घरांतून गेले ते चव जुनी झाली म्हणून नव्हे, तर निखारा गेला म्हणून. भारतात स्वयंपाकाचा गॅस १९५५ साली मुंबईत आला. बडोद्याजवळ कोयलीला तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत शहरी मध्यमवर्गाच्या ओट्यावर शेगडीच्या जागी गॅस बसला. गॅसची ज्योत खालूनच लागते, आणि गॅसवर निखारा पडत नाही. एका पिढीच्या आत वरून ताप लागणारे सगळे पदार्थ अडचणीत आले. जे वाफेवर भागले ते वाफेवर गेले. सांदण, इडली टिकली. जे तेलात भागले ते कढईत गेले. धोंडस, भानवले, घरची बेबिंक मागे पडली, किंवा विकत आणायची वस्तू झाली.

यात गॅसला दोष देण्याचा माझा हेतू मुळीच नाही. चुलीच्या धुराने आमच्या आयांचे डोळे गेले, छाती गेली. २०१६ साली उज्ज्वला योजना आली तेव्हाही कोट्यवधी घरांत चूल हेच साधन होते. काकूंच्या सासूबाई म्हणत, "चूल गेली, डोळे सुटले. धोंडस गेलं तर गेलं." ज्या बाईने तीस-चाळीस वर्षे फुंकणी फुंकली तिचे हे म्हणणे मी पूर्ण मानतो. लांबून चुलीचे गोडवे गाणाऱ्यांनी एक दिवस ओल्या लाकडांपाशी बसून पाहावे.

पण बडोद्यात धोंडस गेले नाही, कारण गुजराती बायकांनी हांडवो सोडला नाही. त्यांच्यासाठी बाजारात हांडव्याचा कूकर आला. जाड ॲल्युमिनियमचे भांडे, खाली वाळूची ताटली, वर लहान भोकांचे झाकण. वाळू ताप धरून ठेवते, तळ करपत नाही, आणि बंद भांड्यात फिरणारी गरम हवा वरचा थरही भाजते. काकूंच्या सासूबाईंनी शेजारणीचा हा कूकर मागून आणला आणि त्यात धोंडस लावून पाहिले. पुढे आपला घेतला. नंतर काचेचे झाकण असलेला गोल विजेचा ओव्हन आला. आता काकू सुनेच्या मोठ्या ओव्हनमध्ये करतात. मराठी पदार्थ गुजराती भांड्यात तगला, हे बडोद्याच्या दोनशे वर्षांच्या शेजाराचे फळ.

१९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झाले, त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. विद्यापीठाच्या सुरवातीच्या वर्षांतच तिथे गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा निघाली. त्याआधी १९१४ मध्ये महाराणी चिमणाबाईंच्या नावाचे स्त्री उद्योगालय निघाले होते. बाईच्या घरकामाला ज्ञान मानणारे हे शहर. तरीसुद्धा त्या लोखंडी झाकणाची नोंद कुठल्या दप्तरात सापडेल असे मला वाटत नाही. भट्टीची नोंद असते, कारण तिला परवाना असतो, मालक असतो, कर असतो. आम्ही कचेरीत असेच समजतो, फाइल नाही तर वस्तूच नव्हती. मग इतिहास लिहिणारा दप्तर उघडतो, त्याला पोदेर दिसतो, डचांची वखार दिसते, इंग्रजांचा केक दिसतो, आणि तो लिहून मोकळा होतो की भाजलेले गोड परदेशातून आले. भट्टी परदेशातून आली असेल. भाजणे घरचेच होते.

आता काकूंची रीत देतो, म्हणजे हा सगळा इतिहास तोंडी लावायला तरी मिळेल. एक वाटी तांदळाचा रवा तुपावर गुलाबी भाजून घ्यावा. दोन वाट्या आंब्याचा रस, एक वाटी नारळाचे दूध, पाऊण वाटी गूळ आणि चिमूटभर मीठ एकत्र गरम करावे. रस गोड असेल तर गूळ कमी. त्यात रवा, अर्धी वाटी ओले खोबरे घालून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळावे, मग वेलची. तूप लावलेल्या भांड्यात केळीचे पान घालावे. त्यावर घट्ट आंब्याच्या फोडींचा एक थर द्यावा, काकू राजापुरी वापरतात, कारण ती भाजताना विरघळत नाही. फोडींवर मिश्रण ओतून वर काजू लावावेत. ओव्हन १८० अंशांवर आधी तापवून पाऊण तास. वाळूच्या कूकरात तासभर लागतो. सुरी खुपसून कोरडी निघाली की झाले. मात्र पुरते निवल्याशिवाय कापू नये, गरम असताना ते सुटते. दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागते.

फोडी खाली आणि पीठ वर, ही मांडणी काकूंना सासूकडून आली. त्यांनी कॉबलर हा शब्द कधी ऐकलेला नाही. मी त्यांना केंटकीची गोष्ट सांगितली तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "त्यांच्याकडंही मे महिन्यात फळं नासत असतील की."

ज्यांच्या घरी सत्तरी-ऐंशीच्या बायका आहेत त्यांनी या उन्हाळ्यात एवढे विचारावे: तुमच्याकडे वरचा विस्तव कशात ठेवत होता? उलटे झाकण, फुटका तवा, मातीचे परळ, की लोहाराकडून करून घेतलेले काही? कोणता पदार्थ त्याखाली होई, आणि तो कोणत्या वर्षी बंद झाला? उत्तर मिळाले की गावाच्या नावासह आणि सालासह वहीत लिहून ठेवावे. माळ्यावर ते झाकण सापडले तर भंगारात घालू नये.